बाक होता ती जागा

प्रत्येक वस्तीत एक तरी असा माणूस असतो, की ज्याला विचारल्याशिवाय इथलं काही हलू नये असं त्याला मनापासून वाटतं. मंडळी, तुमच्या वस्तीतही असेल. कदाचित तुमच्या घरातही असेल. आणि कदाचित, रागावू नका, आरशातही असेल.

आपल्या गोष्टीतले काटेकाका असेच गृहस्थ. सारी नोकरी वजनमापे खात्यात गेली. बाजारात शिरले की भले भले दुकानदार उठून उभे राहत. काका आधी माल बघत नसत, वजनं बघत नसत. आधी म्हणत, "रिकामी पारडी तोलून दाखव." पारड्याखाली मेणाचा गोळा चिकटवलेला असला की काटा तिथेच खोटं सांगतो, मग वर कितीही खरी वजनं ठेवा! त्या काट्यावरूनच त्यांना हे नाव पडलं आणि निवृत्त झाल्यावरही चिकटून राहिलं.

निवृत्तीनंतर तपासायला दुकानं उरली नाहीत, तेव्हा काका वस्ती तपासू लागले. कचऱ्याची गाडी किती वाजता यावी, बागेचं फाटक कधी लावावं, भटक्या कुत्र्यांना कुणी खायला घालावं का, बस थांबा कोपऱ्यावर असावा की कोपरा सोडून, सगळ्यावर काकांचं मत होतं. नुसतं मत नव्हे, पुराव्यासह मत. घरात सूनबाईने साधी खिडकी उघडली तरी वाऱ्याच्या दिशेबद्दल दोन वाक्यं ऐकूनच तिला पुढे जावं लागे. रहिवासी संघाच्या सभेत काका बोलायला उभे राहिले की चिटणीस लेखणी खाली ठेवून हसत म्हणत, "झालं! आता विरोधी पक्षानं घरी जायला हरकत नाही."

माणूस वाईट नव्हता हो. कुणाचा एक पैसा खाल्ला नाही, कुणाला वाकडं बोलला नाही. वस्तीचं भलं व्हावं ही तळमळ खरी होती. म्हणूनच तर ही गोष्ट सांगायची. दुष्ट माणसाच्या चुकीतून शिकायला मिळतं ते थोडंच. भल्या माणसाची चूक मात्र पोथीसारखी वाचावी.

तर काय झालं, काकांच्या कानाला काहीतरी झालं.

वस्ती खालच्या अंगाला आणि सभेचं सभागृह, बाजार, प्रार्थनागृह सगळं वर. मध्ये लांबलचक चढाचा रस्ता. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला काका तो चढ चढत, संघाच्या कचेरीत बसायला. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. तिच्यामागे संध्याकाळी घरात बसवत नसे. असेच एकदा चढत असताना त्यांना मागे कुणाचा तरी श्वास ऐकू आला. दम लागलेला श्वास. हळूहळू चढणाऱ्या, पण थांबायचं नाव न काढणाऱ्या माणसाचा. काका सभ्यपणे बाजूला झाले आणि मागे न बघताच म्हणाले, "या, पुढे या."

कुणी आलं नाही. वळून पाहिलं तर रस्ता मोकळा. खाली वळणावर एक सायकल भिंतीला टेकवलेली, बस्स.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. काका पुराव्याचे माणूस. त्यांनी स्वतःचा श्वास रोखून पाहिला, मागचा श्वास चालूच. बूट बदलून पाहिले. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, "या वयात असे कान म्हणजे नशीब आहे तुमचं." नशीब! काका तिथून बाहेर पडले ते अंगावर काटा घेऊनच.

आणि सगळ्यात भयंकर गोष्ट त्यांनी डॉक्टरलाही सांगितली नव्हती. तो श्वास चढभर मागे येई आणि रस्त्याच्या मध्यावर, पदपथावर जिथे गंजलेल्या बोल्टांची चार थोटकं वर आलेली होती, तिथे थांबे. मग क्षणभर काहीच नाही. मग कुणीतरी हलक्या आवाजात एक ओळ गुणगुणे, अर्धी गुणगुणे, मध्येच तोडे. जणू कुणी तिथे पोचलं आहे, टेकायला जागा शोधतं आहे आणि ती सापडत नाही.

काका तिथून भराभर पुढे जात. ती बोल्टांची थोटकं म्हणजे एका बाकाची खूण होती. आणि तो बाक काकांनीच काढायला लावला होता.

ती हकिगत अशी. काकांच्या खिडकीतून तो बाक दिसे. दुपारी जेवण झालं की काका खिडकीशी बसत आणि बाकावर कोण बसतं ते बघत. कधी दोन रिकामटेकडे तरुण, येणाऱ्याजाणाऱ्यांवर शेरे मारणारे. कधी सिगारेट फुंकणारा कुणी. एक दारुडा तर हक्काने तिथे आडवा होई. काकांनी आठवडाभर निरीक्षण केलं आणि सभेत भाषण ठोकलं. असं भाषण, की लोकांनी महिनाभर त्याची वाक्यं एकमेकांना ऐकवली. शेवटचं वाक्य तर फारच गाजलं: "रस्ता चालण्यासाठी असतो. ज्याला बसायचं असेल, त्यानं आपल्या घरी बसावं!" टाळ्यांचा कडकडाट झाला आणि पुढच्याच आठवड्यात करवतीने बोल्ट कापून बाक नेला.

आता त्याच चढावर वरच्या बाजूला आणखी दोन बाक उरले होते. तेही काढायचे आणि पदपथ अरुंद करून गाड्या लावायला जागा करायची, असा प्रस्ताव नगरसेवकांनी आणला होता. उद्या सभा. मुख्य वक्ते अर्थातच काटेकाका. सभेने होकार दिला की आठवड्याभरात काम सुरू.

पूर्वी भाषण आधी बायकोला म्हणून दाखवत. ती भाजी निवडता निवडता ऐके आणि म्हणे, "छान बोलता तुम्ही." आता ऐकायला कुणी नव्हतं. मुलगा कामावरून दमून येई, सूनबाईला दोन लहान लेकरं. म्हणून काका शेजारच्या गल्लीत आक्काकडे गेले. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. वय काकांपेक्षा जास्त, पण पाय काकांपेक्षा चांगले आणि जीभ त्याहून चांगली. वरच्या प्रार्थनागृहात संध्याकाळी जी गाणारी मंडळी जमत, त्यांत पहिला सूर आक्काचा.

दारातूनच आवाज आला. "पाय पुसून ये. आत्ताच फरशी पुसलीय."

"आक्का, भाषण ऐकवायला आलोय."

"मग बस. उशांना अभ्रे घालतेय, कान रिकामेच आहेत." आक्काने एक उशी हनुवटीखाली धरली. "पण लहान कर हां. मागच्या वेळी तुझं भाषण संपेपर्यंत माझं दूध उतू गेलं होतं."

काकांनी घसा साफ केला. वाहतूक, गाड्यांची गर्दी, टवाळांचा उपद्रव, सगळं ओघाने आलं. शेवटी आवाज चढवून त्यांनी तेच गाजलेलं वाक्य म्हटलं. या वेळीही त्यावर टाळ्या पडणार याची त्यांना खात्री होती.

आक्काचा हात अभ्र्यातच थांबला.

"शेवटचं पुन्हा म्हण."

"आवडलं ना? ज्याला बसायचं असेल, त्यानं आपल्या घरी बसावं!"

"बसली की रे ती," आक्का म्हणाली.

"कोण?"

"तुझी बायको."

काका हसले. पण आक्का हसत नव्हती. तिने उशी बाजूला ठेवली.

"तिला चढ एका दमात चढवत नव्हता. आम्ही दोघी रोज वर जायचो प्रार्थनेला. अर्धा चढ आला की ती त्या बाकावर टेकायची. श्वास जागेवर येईपर्यंत बसायची आणि मग पुढं चालायची. तेवढ्या एका टेकण्यावर तिचं वर जाणं होतं रे."

"पण मी आठवडाभर पाहिलं, आक्का! एकदाही ती तिथे..."

"कधी पाहिलंस?"

"दुपारी."

"आणि संध्याकाळी कुठं होतास?"

संध्याकाळी काका वर सभागृहात होते. बाकाबद्दल मतं मांडत होते.

"तुझी मोजणी खोटी नव्हती," आक्का म्हणाली. "दुपारची होती."

बाहेर गल्लीतून कुणी हातगाडी ढकलत गेलं.

"ती मला काही बोलली नाही," काका म्हणाले. आवाज भाषणाचा राहिला नव्हता.

"बाक गेल्यावर दोनचार दिवस आली. एकदा तिथंच पदपथाच्या कडेला खाली बसली आणि तिला उठता येईना. मी एकटी काय उचलणार? दोन अनोळखी बाप्यांनी हात धरून उठवलं. भरल्या रस्त्यात. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, वन्सं, उद्यापासून तुम्ही पुढं व्हा. मी म्हटलं, मी सांगते त्याला, माझा भाऊ आहे, कान धरून सांगते. तर माझाच हात धरला तिनं. म्हणाली, नका सांगू. एवढं कौतुक झालंय त्यांचं. दोन दिवस नीट जेवलेत आनंदानं."

काकांना आठवलं. आठवलं म्हणजे असं, की खोलीच पुढ्यात उभी राहिली. भाषणाच्या आदल्या दिवशी ती भाजी निवडत होती. ऐकून म्हणाली होती, "छान बोलता तुम्ही." मग पानं खुडता खुडता, मान वर न करता म्हणाली होती, "पण माणसानं टेकायचं कुठं?"

आणि काका म्हणाले होते, "घरी!" आपलंच उत्तर त्यांना इतकं आवडलं, की लगेच टेबलाशी जाऊन त्यांनी ते भाषणाच्या शेवटी घातलं. टाळ्यांचं वाक्य तिच्या प्रश्नातून निघालं होतं, आणि तिच्याच तोंडावर मारलं होतं!

"आक्का," काका म्हणाले, "ती तिथं बसून काय करायची?"

"काय करणार? श्वास घ्यायची. मग त्या दिवशी जे म्हणायचं असेल त्याची ओळ गुणगुणून बघायची."

आणि या माणसाने, ज्याने उभ्या जन्मात दोन सूर लावले नव्हते, हलकेच एक ओळ गुणगुणली. अर्धी म्हटली, मध्ये तोडली, श्वास घेतला, पुन्हा धरली.

आक्काचा चेहरा उतरला. ती उठली, दार लोटून आली आणि भावाच्या अगदी जवळ बसली.

"हे कुठं ऐकलंस तू?"

"चढावर. रोज ऐकतो. माझ्यामागे."

"वर सगळ्यांत मिसळली की ती सरळ म्हणायची. हे असं, मध्ये श्वास तुटलेलं, ती फक्त तिथं बाकावर म्हणायची. माझ्याशिवाय कुणी ऐकलेलं नाही ते." आक्काने त्याचा हात धरला. "तू तर तेव्हा वर असायचास."

मंडळी, ते काय होतं? भास होता, की अपराधी मनाचा खेळ, की खरंच कुणी येत होतं? ज्याला जे मानायचं ते त्याने मानावं. गेलेलं माणूस हिशेब मागायला येतं असं भिणारे लोक म्हणतात. आक्का तसं म्हणाली नाही.

"ती तुला घाबरवायला येणार नाही रे," ती म्हणाली. "तिला वर जायचंय. अर्ध्यात अडकलीय."

काकांनी तोंड ओंजळीत धरलं. मग खालूनच, हट्टी मुलासारखे म्हणाले, "पण ते टवाळ? तो दारुडा? ते खोटं होतं का?"

"टवाळांना हाकल ना मग! बाकाला का हाकललंस? एक माणूस पिऊन आडवा होतो म्हणून सगळ्या वस्तीनं उभं राहायचं?" आक्का पुन्हा आक्का झाली होती. "तू नोकरीत असताना सारखा सांगायचास ना, आधी रिकामी पारडी तोला म्हणून? तुझी कधी तोललीस? दुपारचा वेळ, स्वतःची खिडकी, स्वतःचे धडधाकट पाय, एवढं सगळं आधीच पारड्याखाली चिकटलेलं. मग काटा तुझ्याच बाजूला झुकणार की!"

"म्हणजे तिच्या मरणाला मी..."

"नाही." आक्काने तिथल्या तिथे तोडलं. "ते मी म्हणणार नाही आणि तूही म्हणू नकोस. माणूस देवाच्या हाकेला जातं, बाकाच्या नाही. पण शेवटचं वर्ष ती खिडकीत बसून गेली, हे खरं आहे. तेवढं तुझं आहे. तेवढं उचल."

काका घरी आले तेव्हा सांज झाली होती. सूनबाई खिडकीतल्या खुर्चीवर बसून धाकट्याला झोपवत होती. लाकडी, रुंद हातांची ती खुर्ची सासूबाईंची. सासरे आलेले पाहून ती उठू लागली.

"बस, बस," काका म्हणाले. मग उभ्यानेच विचारलं, "शेवटी शेवटी तुझ्या सासूबाई इथं बसून काय बघायच्या?"

"बघायच्या नाहीत, ऐकायच्या. वारा इकडचा असला की वरचं गाणं ऐकू येतं. त्या इथूनच म्हणायच्या सोबत."

"त्या बाहेर का जात नव्हत्या, तुला ठाऊक होतं?"

सूनबाईने मुलाच्या पाठीवर थोपटणं थांबवलं नाही. "हो, बाबा."

"मग मला कुणीच कसं बोललं नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठं?" ती हळूच म्हणाली. त्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "तुम्ही सांगत होतात."

काका खिडकीशी गेले. समोर चढ, मध्यावर दिव्याच्या उजेडाचं वर्तुळ आणि त्या वर्तुळात काही नाही. एक बाई पिशवी घेऊन चढत होती. त्या जागी आली, थांबली, सवयीने मागे हात नेला. हाताला काहीच लागलं नाही तशी दिव्याच्या खांबाला टेकून उभी राहिली. अशी किती माणसं रोज त्या नसलेल्या बाकाला हात लावत असतील! काका इतके दिवस याच खिडकीत बसले होते आणि त्यांना हे दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. नगरसेवकांनी प्रस्ताव वाचला. गाड्यांना जागा मिळणार म्हणून गाडीवाले खूश होते. चिटणीस म्हणाले, "आता आपले काटेकाका या विषयावर प्रकाश टाकतील. एकदा प्रकाश पडला की आपण चहाला मोकळे!"

काका उठले. खिशातला भाषणाचा कागद काढला. आणि सभागृहाच्या मागच्या बाजूने, दाराजवळून, तो श्वास आला. इथे तो कधीच आला नव्हता. काकांनी मान वर केली. दारात कुणी नव्हतं. कुणी वळूनही पाहिलं नाही. फक्त मागच्या रांगेत बसलेल्या आक्काची नजर काकांकडे लागली होती.

त्यांनी कागदाची घडी घातली.

"चढावरचे दोन्ही बाक राहू द्या," ते म्हणाले. "आणि मी काढायला लावला तो परत बसवा."

सभेत कुजबुज सुरू झाली. नगरसेवक हसले. "काका, गंमत करताय का? तुमच्याच निरीक्षणावर तर हा प्रस्ताव उभा आहे."

"तेच सांगतोय. माझं निरीक्षण दुपारचं होतं. संध्याकाळी तिथं कोण बसतं ते मी पाहिलंच नव्हतं. न पाहता ठाम बोललो. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, मला वाटलं बरोबर असणार."

"अहो, पण बसायचंच असेल तर," मधल्या रांगेतून एक गाडीवाला उठला आणि दोन्ही हात पसरून काकांचीच नक्कल करत म्हणाला, "ज्याला बसायचं असेल, त्यानं आपल्या घरी बसावं!"

सभागृह हसण्याने दणाणलं. टाळ्या पडल्या. अगदी तेव्हासारख्याच! तोच कडकडाट, तीच माणसं. काका त्या आवाजात उभे होते आणि त्यांना वाटलं, आपण तेव्हा इथे उभे होतो तेव्हा ती कुठे होती? चढावर. बाकावर. बाकाच्या शेवटच्या काही दिवसांपैकी एका दिवशी. वरून हा टाळ्यांचा आवाज खाली तिच्यापर्यंत गेला असेल! आपल्या नवऱ्याला मिळालेल्या टाळ्या ऐकून ती खूशही झाली असेल!

हसणं ओसरलं तेव्हा काका म्हणाले, "बसली ती घरी. माझी बायको. वर्षभर बसली. अगदी नीट बसली. तिथूनच तिला न्यावं लागलं."

गाडीवाल्याचे पसरलेले हात खाली आले, आणि काका पुढे बोलू लागले.

"मी तुमच्यावर रागावत नाही. वाक्य माझंच आहे. पण आज हात वर करायच्या आधी एवढंच करा. तुमच्या घरात कोण बाहेर पडायचं बंद झालंय ते आठवा. आणि त्याला कधी विचारलं होतंत का, की का? मी विचारलं नव्हतं हो! चाळीस वर्षं लोकांचे तराजू तपासले, आणि घरातल्या माणसाला एक प्रश्न विचारला नाही!"

एवढं बोलून ते खाली बसले. पुराव्यांची जंत्री नाही, आकडे नाहीत. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण ते.

नक्कल करणारा गाडीवाला उभाच होता. बसायचं विसरला होता. "माझे वडील," तो म्हणाला आणि घुटमळला. "बागेतलं ते... बागेतली मुतारी बंद झाल्यापासून ते फिरायला जात नाहीत. आम्हाला वाटलं, कंटाळले." मग तो खाली बसला.

हात वर झाले तेव्हा प्रस्ताव पडला. थोडक्यात पडला, पण पडला. काढलेला बाक परत बसवण्याबद्दल मात्र नगरसेवक म्हणाले, "त्याला वेगळी मंजुरी लागेल. बघू." आणि हे "बघू" किती लांब असतं ते तुम्हाआम्हाला चांगलं ठाऊक आहे.

काका बघत बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सांजेला त्यांनी खिडकीतली ती लाकडी खुर्ची उचलली. मुलगा म्हणाला, "बाबा, मी घेतो." काका म्हणाले, "नको. ही मीच न्यायला हवी होती." अर्ध्या चढापर्यंत खुर्ची नेताना त्यांचा स्वतःचा दम उखडला. पाय लटपटले, छाती भात्यासारखी हलू लागली. चढ म्हणजे काय असतं ते काकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं! बोल्टांच्या चार थोटकांमध्ये त्यांनी खुर्ची ठेवली आणि तिच्या शेजारी उभे राहिले. बसले नाहीत.

मागून श्वास आला.

तोच. दमलेला, पण न थांबणारा. जवळ आला, अगदी जवळ. काकांनी या वेळी मान वळवली नाही, पाय उचलले नाहीत. हात जोडावेत तसे छातीशी धरून म्हणाले, "ये. टेक जरा."

वरच्या प्रार्थनागृहात गाणं नुकतंच सुरू होत होतं. आक्काचा पहिला सूर खाली उतरत आला. खुर्ची किंचित करकरली. वाऱ्याने असेल. ती ओळ गुणगुणली गेली, मध्ये तुटली, पुन्हा धरली गेली. आणि या वेळी शेवटपर्यंत गेली! मग श्वास शांत झाला. मग काकांच्या अंगावरून काहीतरी हलकंसं चढाच्या वरच्या दिशेने निघून गेलं, आणि रस्ता नुसता रस्ता राहिला.

काकांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. इतक्यात पुन्हा धापा ऐकू आल्या. त्यांनी दचकून पाहिलं. खरीखुरी बाई होती ही, परवा खिडकीतून दिसलेली, हातात पिशवी घेतलेली.

"ही खुर्ची कुणाची आहे हो?" तिने विचारलं. "बसू का जरा?"

"बसा, बसा," काका म्हणाले. "तुमचीच आहे."

तेव्हापासून रोज सांजेला खुर्ची चढावर जाऊ लागली. लोक हसले. मग कुणी तरी दुसरी खुर्ची आणून ठेवली. आणि पुढे, लोकच विचारू लागले म्हणून, एकदाचा बाकही आला. काकांना तो श्वास पुन्हा कधी ऐकू आला नाही. कधी कधी ते चढावर मुद्दाम रेंगाळत. ऐकू यावा म्हणून. नाही आला.

सभेत ते अजूनही जातात. मतं अजूनही आहेत, माणूस का बदलतो एवढा! पण बोलायला उभं राहण्याआधी ते विचारतात, "या गोष्टीनं कुणाची अडचण होईल, ते माणूस इथं आलंय का? नसेल, तर आधी त्याच्या घरी जाऊन येऊ."

तर मंडळी, एवढंच सांगायचं होतं. देवाने आपल्याला जीभ दिली आहे, मत जरूर मांडावं. वस्ती आपलीच आहे. पण आपल्या खिडकीतून दिसते तेवढीच वस्ती नसते आणि आपल्या वेळेला दिसतात तेवढीच माणसं नसतात. जे गप्प बसतात त्यांना काही लागत नाही, असं समजू नका. रस्त्यातलं काहीही काढण्याआधी, कुठलंही दार लावण्याआधी, तिथे कोण टेकत होतं ते विचारा. आणि तो पहिला प्रश्न सभेत नको, आज घरी गेल्यावर विचारा. खिडकीशी जे कुणी बसलं असेल, त्याला. ते अजून बसलेलं आहे तोवर.